शुक्रवारचे वडे, शनिवारचे शिरवाळे: सिंधुदुर्गातल्या तीन संध्याकाळी

मुंबई-पुण्यात आठवडा संपला की हल्ली रामेनचा वाडगा आणि तळलेली कोंबडी ही जोडी ठरलेली असते. शेवया आणि कोंबडी यांचं हेच नातं सिंधुदुर्गात तांदळावर उभं आहे. उकडीचे शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या वाफाळत्या शेवया, आणि सागोतीसोबतचे, म्हणजे कोंबडीच्या मालवणी रश्शासोबतचे वडे, दोन्ही मुख्यतः तांदळाचेच. शहरात रात्री साडेदहाला आत शिरलं तरी कोणीतरी वाढतं. इथे रात्रीच्या जेवणाचं सकाळी सांगावं लागतं, कारण वड्याचं पीठ तीन-चार तास मुरतं, गावठी कोंबडी दीड तास शिजते आणि शिरवाळे पाडायला दोन माणसं लागतात. पुढचा बेत या वेळा धरून आखला आहे.

वार मुद्दाम शुक्रवार ते रविवार घेतले आहेत. सोमवार, गुरुवार आणि शनिवार या दिवशी बऱ्याच घरांत मासे-मटण नसतं, त्यात संकष्टी आली तर आणखी एक दिवस जातो. म्हणून शुक्रवारी वडे, शनिवारी शिरवाळे, रविवारी मासे. श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी हा बेत जमवायला जाऊ नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत शुक्रवारची कोंबडी मिळेल, रविवारचा ताजा बांगडा नाही.

गुरुवार, रात्र

कोकणकन्या मुंबईहून रात्री उशिरा निघते आणि सकाळी कुडाळला पोचवते. तुतारी दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, त्यामुळे गुरुवारी रात्री निघायचं असेल तर तिचं तिकीट शुक्रवारच्या तारखेचं काढावं लागतं. गुरुवारचं काढलं तर ते एक दिवस आधीच्या गाडीचं होतं. ही चूक फार जणांकडून होते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश धावतात, तेव्हा पोचण्याची वेळ आधी बघून घ्यावी. कणकवलीलाही उतरता येतं, पण मालवण तिथून लांब पडतं. कुडाळहून अंतर तिसेक किलोमीटर आहे. एसटीने किंवा रिक्षाने तासाभरात मालवण येतं.

शुक्रवार, मालवण

खोलीवर सामान टाकलं की पहिलं काम रात्रीच्या जेवणाचं सांगण्याचं. घरगुती खाणावळ असो की निवास-न्याहारीचं घर, दहाच्या आत कळवावं. पलीकडून दोनच प्रश्न येतात: ‘किती जणांक?’ आणि ‘गावठी की बॉयलर?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर विचार करून द्यावं. गावठी कोंबडी हिंडून-फिरून वाढलेली असते, तिचं मांस घट्ट आणि हाडं टणक. मंद आचेवर सव्वा ते दीड तास शिजली की तिच्यातला चिवटपणा रश्शात उतरतो आणि रस्सा अंगचा दाट होतो. ब्रॉयलर पंचवीस-तीस मिनिटांत शिजते, त्यापुढे तिचा भुगा होतो आणि रश्शाला स्वतःची चव येत नाही. सागोतीसाठी गावठीच सांगावी. किलोभराची कोंबडी चार जणांना पुरते.

उलट नुसती तळलेली कोंबडी हवी असेल तर ब्रॉयलरच बरी. गावठी कोंबडी कच्ची तेलात सोडली तर बाहेरून लाल होते आणि आतून चामड्यासारखी राहते, कारण तिला लागणारा वेळ आणि ओलावा तेलात मिळत नाही. जपानी कराआगे मांडीच्या मऊ तुकड्यांची करतात. बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवून आधी १६० अंशांच्या आसपास तळायची, चार मिनिटं बाहेर ठेवायची आणि मग १८० ते १९० अंशांवर मिनिटभर पुन्हा तळायची. पहिल्या तळणीत मांस शिजतं, बाहेर ठेवलं असताना आतली वाफ कडेला येते, दुसऱ्या तळणीत तो ओलावा उडून साल कडक होते. मालवणी मसाला, आलं-लसूण आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) लावलेल्या तुकड्यांना स्टार्चऐवजी तांदळाचं पीठ लावून हीच दोनदा तळण्याची रीत वापरली तर ती इथल्या कोंबडीलाही चांगली लागू पडते. तरीही मालवणात एकच रात्र असेल तर तळणीचं तेल वड्यांसाठी राखावं.

दुपारी सिंधुदुर्ग किल्ला होतो. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याची पायाभरणी १६६४ मध्ये झाली आणि बांधकाम १६६७ मध्ये पुरं झालं. होड्या धक्क्यावरून सुटतात आणि समुद्र खवळलेला असेल तर बंद राहतात. दोन तास हाताशी ठेवावेत, ऊन फार लागतं.

पाचच्या सुमाराला किनाऱ्यावर यावं. होड्या लागतात, टोपल्या उतरतात आणि वाळूतच लिलाव सुरू होतो. मोठा मासा नगावर जातो, बारीक मासळीचे वाटे लावलेले असतात. लिलावाच्या घोळक्यात मध्ये उभं राहू नये, बोली लावणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे दिसावे लागतात. विकत घ्यायचं नसलं तरी इथे डोळा तयार होतो: कल्ले लाल, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून येणारा. इसवण म्हणजेच सुरमई कापलेली घेताना तुकड्याच्या मधल्या काट्याभोवती तपकिरी डाग पसरलेला नाही हे बघावं.

आता वडे. लोक त्यांना पुरी समजतात आणि तिथेच चव चुकते. भाजणी घराघरात थोडी बदलते, पण हे प्रमाण भरवशाचं आहे: जाडा तांदूळ १ किलो, उडीद डाळ पाव किलो, चणाडाळ १०० ग्रॅम, गहू १०० ग्रॅम, धणे ३ मोठे चमचे, बडीशेप १ मोठा चमचा, मेथी २ लहान चमचे. तांदूळ धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचे, सगळं वेगवेगळं हलकं भाजायचं आणि दळण किंचित रवाळ ठेवायला गिरणीवाल्याला बजावून सांगायचं. बारीक दळलं तर वडा गुळगुळीत होतो आणि गार झाला की चामट लागतो. मेथी जास्त पडली तर कडवटपणा येतो, तो पुढे कशानेही जात नाही.

चार वाट्या पिठाला मीठ, अर्धा चमचा हळद आणि एक चमचा कडकडीत तेल लावून गरम पाण्याने घट्ट मळतात. पाणी दोन वाट्यांच्या आसपास लागतं, पण एकदम ओतायचं नाही, कारण रवाळ पीठ पाणी हळूहळू पितं आणि सुरुवातीला कोरडं वाटलेलं पीठ अर्ध्या तासाने सैल झालेलं असतं. मग झाकून तीन ते चार तास. काही घरांत पिठाच्या गोळ्यात खळगा करून त्यात कांदा आणि पेटता कोळसा ठेवतात, वर तेलाचे थेंब सोडून झाकण घालतात. त्या धुराचा वास वड्यात थेट येतो. कुठे पाण्याऐवजी किसलेल्या काकडीत किंवा लाल भोपळ्यात पीठ भिजवतात, तो वडा मऊ आणि किंचित गोडसर होतो.

लिंबाएवढा गोळा तेलाच्या हाताने केळीच्या पानावर किंवा प्लास्टिकवर थापायचा, जाडी चार-पाच मिलिमीटर, कडा आणि मध्य सारखे. मध्ये बोटाने भोक पाडलं तर वडा फुगत नाही पण सगळीकडून एकसारखा खुसखुशीत होतो. भोक नसेल तर टम्म फुगतो. दोन्ही बरोबर आहेत. तेलात पिठाचा कण टाकला की तो लगेच वर आला पाहिजे. तेल कमी तापलं असेल तर वडा तळाशी बसून तेल पितो, जास्त तापलं असेल तर वरून काळपट आणि आत कच्चा राहतो. थापताना कडा चिरत असतील तर पीठ पुरेसं मुरलेलं नाही. गरम पाण्याचा हात लावून पुन्हा मळावं आणि वीस मिनिटं ठेवावं, घाई केली तर त्याच चिरांतून तेल आत शिरतं.

सागोतीचं सगळं वाटपात, म्हणजे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात आहे. किलोभर कोंबडीला किसलेलं सुकं खोबरं एक वाटी, उभे चिरलेले दोन मोठे कांदे, ओलं खोबरं अर्धी वाटी. कांदा आधी तेलावर गडद तपकिरी करायचा, खोबरं वेगळं आणि मंद आचेवर. दोन्ही एकत्र टाकले तर कांद्याला सुटलेल्या पाण्यात खोबरं वाफवतं आणि भाजलं जात नाही. आच मोठी ठेवली तर खोबऱ्याच्या कडा जळतात आणि रश्श्याला शेवटी कडसर चव राहते. वाटण गंधासारखं व्हायला हवं. चरबरीत राहिलं की रस्सा ताटात फुटतो, पाणी एका बाजूला आणि खोबरं एका बाजूला. मालवणी मसाला तीन मोठे चमचे. तो घराघरात एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवून वर्षाचा केलेला असतो, त्यात बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, आणि धणे, बडीशेप, लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल यांचा संच असतो. वाटप कोंबडी तीन चतुर्थांश शिजल्यावर घालायचं. आधी घातलं तर ते तळाला लागतं.

सोलकढी घरी करतात ती न उकळता. दहा-बारा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास, कुस्करून गाळून. एका नारळाचं जाड आणि पातळ दूध एकत्र, त्यात लसणाच्या दोन पाकळ्या आणि एक मिरची वाटून. मीठ सगळ्यात शेवटी, कारण आमसुलात आणि आगळात आधीच मीठ असतं. तापवली की नारळाचं दूध फाटतं. थोड्या वेळाने ती थर धरते, तो दोष नाही, ढवळून प्यावी. रंग कोकमाचा असेल तर फिका गुलाबी असतो. डोळ्यात भरणारा भडक गुलाबी दिसला तर चव घेऊन मगच दुसरा पेला मागावा.

जेवायला साडेआठला बसावं. दहानंतर बहुतेक स्वयंपाकघरं आवरलेली असतात, आणि वडा कढईतून ताटात येऊन दहा मिनिटं झाली की त्याचा कुरकुरीतपणा ओसरायला लागतो. एका वेळी दोनच मागावेत, संपले की पुढचे दोन. माणशी चार-पाच धरून सांगितलेलं असतंच.

शनिवार, परुळ्याच्या बाजूला

सकाळी तारकर्ली, देवबाग. देवबागला रस्ता संपतो. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे समोर भोगव्याचा किनारा अगदी जवळ दिसतो, पण गाडी पलीकडे जात नाही, मागे फिरून पुलावरून परुळ्याच्या रस्त्याला लागावं लागतं. नकाशावरचं अंतर बघून वेळ धरली तर जेवण चुकतं. मुक्काम परुळे-भोगवे भागातल्या एखाद्या घरात करावा आणि शिरवाळ्यांचं शुक्रवारीच सांगून ठेवावं, कारण साचा प्रत्येक घरी नसतो, शेजारून आणावा लागतो.

शिरवाळे फसवे आहेत. साहित्य फक्त तांदळाचं पीठ, पाणी, मीठ. रामेनच्या शेवयांना ताण येतो तो गव्हातल्या ग्लुटेनमुळे, आणि त्यात कान्सुई हे अल्कलीयुक्त पाणी घातल्याने त्या पिवळसर आणि लवचीक होतात, गरम रश्शातही पटकन विरघळत नाहीत. तांदळात ग्लुटेन नाही. शिरवाळ्याला धरून ठेवतो तो फक्त गरम पाण्यात फुललेला स्टार्च, आणि तो गरम असेपर्यंतच लवचीक असतो. म्हणून या पदार्थात सगळी धावपळ उष्णतेमागची आहे.

दोन वाट्या पीठ, दोन वाट्या पाणी, अर्धा चमचा मीठ, एक चमचा तेल. पाण्याला उकळी आली की पीठ एकदम घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं, झाकण, पाच मिनिटं अगदी मंद आच. उकड गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळायची, हात भाजतात तेवढे भाजू द्यावे लागतात. साच्यात मावतील असे लांबट मुटके करून उकळत्या पाण्यात सोडायचे. ते वर तरंगायला लागले तरी आणखी पाच-सात मिनिटं ठेवायचे, कारण तरंगताना बाहेरचा थर शिजलेला असतो आणि गाभा कच्चा असू शकतो. एकेक मुटका काढून लगेच साच्यात. एक जण दांडा दाबतो, दुसरा खाली केळीचं पान गोल फिरवत सळसळत्या दोऱ्या घेतो. मुटका निवला की साचा अडतो आणि दांड्यावर सगळं वजन टाकलं तरी दोरी तुटक पडते. अशा वेळी जोर लावू नये, जुने लाकडी साचे त्यातच चिरतात. मुटका काढून दोन मिनिटं पुन्हा उकळत्या पाण्यात टाकावा. दोऱ्या एकमेकींना चिकटून लगदा होत असेल तर उकडीत पाणी जास्त झालं. जुन्या पिठाच्या दोऱ्या बोटभर लांबीलाच तुटतात, म्हणून पीठ त्याच आठवड्यात दळलेलं हवं. एवढ्या पिठात चार जणांचं होतं.

रस वेगळा. एका मोठ्या नारळाचं दूध, पाऊण वाटी चिरलेला गूळ, वेलची, मिठाची चिमूट. गूळ गार दुधातच विरघळवायचा. आचेवर ठेवला तर दूध फुटून वर तेल आणि खाली चोथा दिसतो. गुळात खडे असतात, गाळून घ्यावा. खोलगट ताटलीत शिरवाळे, वर रस, आणि लगेच खायचं. दोऱ्या रस पितात, पाच मिनिटांनी रस संपलेला असतो, म्हणून भांडं शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा ओतत राहावं. ज्यांना गोड जेवण जड जातं त्यांनी एक वाढप रसाविना बाजूला काढून ठेवावं. शनिवार पाळणारं घर नसेल आणि कालची सागोती उरली असेल तर तिच्या गरम रश्शात हेच शिरवाळे घालून खावेत. आमच्या मते रामेनच्या वाडग्याला कोकणाने दिलेलं सगळ्यात सरळ उत्तर ते आहे, आणि ज्याने एकदा खाल्लं तो पुढच्या खेपेला मुद्दाम सागोती उरवतो.

कार्तिकापासून पुढे गावोगावच्या जत्रा सुरू होतात. आसपास जत्रा असेल तर जेवणानंतर झोपू नये. दशावतार, म्हणजे इथलं लोकनाट्य, रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं, बसायला चादर आणि अंगावर घ्यायला काहीतरी बरोबर ठेवावं. मधल्या वेळेत खाजा घ्यावा: बेसनाच्या जाड काड्या तळून गुळाच्या पाकात घोळवलेल्या, आल्याच्या चवीच्या. काडी मोडताना आवाज आला पाहिजे. वाकली तर पाक कच्चा राहिला आहे.

रविवार, वेंगुर्ले आणि सावंतवाडी

सकाळी लवकर निघून वेंगुर्ल्याला बाजार गाठावा. दुपारी तिरफळाचा बांगडा. चार बांगड्यांना आठ-दहा तिरफळं (मसाल्याची सुकी फळं), आतली काळी बी काढून टाकलेली, टरफल नुसतं ठेचलेलं. वाटून घातलं तर रस्सा कडू होतो. ती शेवटच्या पाच मिनिटांत टाकायची आणि जेवताना बाजूला काढायची. जिभेला मुंग्या येतात तो तिरफळाचा गुण. जपानात भाजलेल्या मासळीवर भुरभुरतात तो सांशो याच कुळातला. तळलेल्या सुरमईला तांदळाचं पीठ आणि रवा समप्रमाणात लावावा. नुसता रवा तेलात गळतो आणि पुढच्या तुकड्यांना जळका लागतो. तुकडा तव्यावर टाकल्यावर तीन-चार मिनिटं हलवायचा नाही, कवच धरलं की तो स्वतःहून सुटतो.

संध्याकाळी परतीची गाडी सावंतवाडी रोडवरून आहे. स्टेशन शहरात नाही, मळगावला आहे, मोती तलावापासून सात-आठ किलोमीटर. गाडीच्या वेळेआधी तासभर तलावाकाठून निघावं. रात्रीचं जेवण डब्यात घ्यायचं आहे, तेव्हा ते दुपारीच सांगून ठेवलेलं असावं.

वडे तळल्यावर जाळीवर किंवा कागदावर पूर्ण निवू द्यावेत, अर्धा तास तरी. गरम वडे प्लास्टिकच्या पिशवीत भरले तर त्यांच्याच वाफेने ते ओले होतात, आणि खाणावळीच्या घाईत नेमकं तेच होतं, म्हणून समोर उभं राहून सांगावं. निवलेले वडे कागदात, मग कापडी पिशवीत. सागोती स्टीलच्या घट्ट डब्यात, वर दोन बोटं जागा ठेवून, नाहीतर गाडीच्या हेलकाव्यांनी तेल झाकणातून बाहेर येतं. कोरडी हवी असेल तर सुकी कोंबडी सांगावी, ती बरी टिकते. सोलकढी अजिबात घेऊ नये, नारळाचं दूध उन्हाळ्यात तीन तासांत आंबतं. त्याऐवजी आगळाची बाटली घ्यावी. पेलाभर पाण्याला दोन चमचे आगळ, नारळ घरी फोडता येतो. वड्याचं पीठ दोन किलो घ्यावं आणि घरी पोचल्यावर डब्यात तमालपत्र टाकून ठेवावं, महिनाभर चांगलं राहतं. दमट हवेत त्याला जाळी धरते, तसा वास आला तर वापरू नये.

डबा उघडायची वेळ गाडी सुटल्यावर तासाभराने. तोवर कणकवली मागे पडलेली असते आणि वडे अजून पुरते मऊ पडलेले नसतात. कांदा आणि लिंबू निघतानाच चिरून वेगळ्या डबीत घेतलेलं असावं, वरच्या बर्थवर बसून ते कापता येत नाही.